रिकाम्या गाडीचं वजन

उद्या अडावदच्या मैदानावर फायनल,
समोर शिरपूर,
आणि माझ्या खिशात सहा नावांचा कागद.
पाच नावं शाईनं लिहिलेली,
सहावी ओळ कोरी.

सेटरची जागा.
सेटर मारत नाही, मारायला देतो.
टाळ्या दुसऱ्याला पडतात,
शिव्या मात्र बरोबर त्याच्या पत्त्यावर येतात.

हिलाल सोनवणे, वय एकोणचाळीस,
अकरा वर्षं आमच्या नेटपाशी उभा.
साक्रीला अंगठा निखळला
तर रुमालाची चिंधी गुंडाळून पाचवा सेट खेळला,
आणि शेवटचा बॉल न बघता पाठीमागे असा सोडला
की त्यांचे ब्लॉकवाले दोघं अजून हवेतच असतील.
पण यंदा बॉलखाली
आधी त्याची नजर पोचते, मग हात.
गुडघे येतात मागून,
शेवटच्या एसटीसारखे.

दिलवर पावरा. एकोणीस.
केळीच्या गाड्या भरतो.
घड हातावर झेलतो, वरच्याला देतो,
सालीवर डाग नाही, बोटाचा ठसा नाही.
बॉलही तसाच देतो.
पण कुठे? आमच्याच ग्राउंडवर,
संध्याकाळी, म्हशी परतताना,
बघायला दोन म्हातारे आणि एक पंक्चरवाला.

काल रात्री वासुदेव चौधरीच्या मळ्यात भरीत होतं.
कापसाच्या काड्यांवर वांगी फुटत होती
आणि प्रत्येकाकडे माझ्यासाठी एक सल्ला होता.
कुणी म्हणालं, जुनं ते सोनं.
कुणी म्हणालं, सोनंपण मोडाले काढतसच ना भो.
दिलवर मान खाली घालून जाळात काड्या सारत राहिला.
हिलालनं कळण्याच्या तीन भाकरी खाल्ल्या,
वर कांद्याची पात मागून घेतली,
बोलला काही नाही.

मी वजनकाट्यावर कामाला.
गाडी एकदा भरलेली चढते, एकदा रिकामी.
एकातून दुसरं वजा केल्याशिवाय
आत माल किती, ते कळत नाही.
हिलालची दोन्ही वजनं माझ्या वहीत आहेत.
नंदुरबारहून हरून येताना
टेम्पोत कुणी त्याच्याशी बोललं नव्हतं,
आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकटाच
शाळेच्या भिंतीवर बॉल टाकत होता,
ठक, ठक, चौकीदार उठेपर्यंत.

पोराची मी फक्त भरलेली गाडी पाहिलीय.
रिकामी परतेल तेव्हा
कशी वाजेल, कुठला खिळा निघेल,
कुणाला ठाऊक.
आणि कधी पाठवलीच नाही
तर मला तरी कुठून कळणार?

सकाळी काट्याच्या खिडकीत कागद ठेवून लिहिलं:
पावरा.
लिहून वर बघतो तर दारात हिलाल.
"कोनं नाव लिखं?"
मी कागद उलटा केला.
त्यानं पुन्हा विचारलं नाही.
खिशातून चिकटपट्टी काढून
स्वतःच्याच बोटांना गुंडाळत बसला,
सवयीनं, एकेक पेर.

पहिला बॉल दिलवरनं नेटात दिला.
दुसरा इतका लांब
की आमचा स्मॅशर हात वर करून नुसता बघत राहिला.
शून्य-चार.
गर्दीतून हिलालच्या नावाचा आवाज उठला,
आधी एक, मग मैदानाची अख्खी बाजू.
मी उठलो.
खरं सांगतो, हात अर्धा वर गेलाही होता.
बाकाकडे वळलो.

हिलाल अनवाणी बसला होता.
मोजे बुटांत कोंबलेले,
दोन्ही बुटांच्या लेस एकमेकींना गाठ मारून
बाकाखाली लांब सरकवलेल्या,
आणि तो बोटांवरची पट्टी
दातांनी सोडवत होता.
माझ्याकडे बघितलं नाही त्यानं.

सर्व्हिस शिरपूरचीच होती.
दिलवर तळहात चड्डीला पुसत होता,
पुन्हा, पुन्हा.
माझा हात कुठे ठेवू
ते मला सुचत नव्हतं.